वायफाय जोडलंय, पण नेट नाही?
वायफायच्या काड्या पूर्ण, तरी एकही साइट उघडत नाही. लगेच कंपनीला फोन लावू नका. तिथे 'राउटर बंद-चालू करा' हेच ऐकायला मिळतं.

विंडोजमध्ये सीएमडी (कमांड टाइप करायची खिडकी) उघडून 'आयपीकॉन्फिग' टाइप करा (अक्षरं, आकडे अर्थात इंग्रजीत). 'आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस' म्हणजे घरच्या नेटवर्कमधला तुमच्या कॉम्प्युटरचा पत्ता. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. मग मात्र राउटर खरंच बंद-चालू करा.

पत्ता ठीक असेल तर खालचा 'डिफॉल्ट गेटवे' बघा, अनेक घरांत १९२.१६८.१.१ असतो. हा तुमचा राउटर, बाहेर पडायचं दार. 'पिंग' (पलीकडून उत्तर येतं का ते बघणारी कमांड) लिहून, जागा सोडून तो आकडा टाका. उत्तर आलं की तसंच ८.८.८.८ ला पिंग करा. हा गूगलचा सर्व्हर. इथे 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' आलं तर बिघाड बहुधा राउटरच्या पुढे. आता खुशाल फोन करा.

दोन्हीकडून उत्तर येतंय आणि तरी साइट उघडत नाही? मग संशय डीएनएसवर. साइटच्या नावावरून तिचा आयपी, म्हणजे आकड्यांतला पत्ता, शोधून देणारी ही डिरेक्टरी. नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ घालून बघा.