आरएस-४८५ जोडताना या चुका टाळा

कंट्रोलर एकमेकांशी बोलत नाहीत अशी तक्रार आली की पहिला संशय पीएलसीच्या (यंत्रे चालवणाऱ्या औद्योगिक कंट्रोलरच्या) प्रोग्रामवर घेतला जातो, आणि मी पोहोचेपर्यंत कुणीतरी त्यात चार बदल करून ठेवलेले असतात. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या कारखान्यांत मॉडबसची, म्हणजे अशी उपकरणे ज्या ठरलेल्या भाषेत एकमेकांशी बोलतात तिची, कामे करताना मला मात्र दोष बहुतेक वेळा तारेतच सापडलेला आहे.

सर्वांत जास्त त्रास देणारी चूक म्हणजे मधल्या एका जंक्शन बॉक्समधून चारी दिशांना फांद्या काढणे. आरएस-४८५ ची, म्हणजे मॉडबसचे संदेश तारांच्या जोडीवरून नेणाऱ्या जोडणीची, केबल एका उपकरणातून दुसऱ्यात आणि तिथून तिसऱ्यात अशी सलग एका ओळीत जायला हवी आणि १२० ओहमचा टर्मिनेशन रेझिस्टर (सिग्नल टोकावरून परत उसळू नये म्हणून लावायचा रोध) फक्त तिच्या दोन टोकांना हवा. फांद्या काढल्या की टोके नेमकी कोणती, या प्रश्नाला उत्तरच उरत नाही.

शिरोलीतील एका फाउंड्रीत मी हेच पाहिले. एक पीएलसी आणि चार ड्राइव्ह (मोटरचा वेग ठरवणारी उपकरणे) होते. जोडणी करणाऱ्या तरुणाने सांगितले, "सर, भट्टी बंद असली की एकदम झकास चालतंय बघा." इंडक्शन भट्टी सुरू झाली की मात्र एखादा ड्राइव्ह गळायचा. त्याने संदेशांचा वेग सेकंदाला १९२०० बिटवरून ९६०० वर आणला होता, आणि तेही पुरेना तेव्हा टाइमआउट (उत्तराची वाट पाहण्याचा वेळ) वाढवून एकेका संदेशाचे दहा-दहा पुनर्प्रयत्न लावले होते. त्यामुळे पडद्यावरची चूक दिसेनाशी झाली, पण कूलिंग पंप थांबल्याची सूचना ऑपरेटरला कित्येक सेकंद उशिरा मिळू लागली. भट्टीच्या पाण्याच्या बाबतीत हा उशीर मला अजिबात मान्य नाही.

मी सगळ्या पॅनेलची वीज बंद करायला लावली आणि ए व बी या सिग्नलच्या दोन तारांमध्ये मल्टिमीटर धरला. वाचन २४ ओहम आले. पाचही उपकरणांवरचे टर्मिनेशनचे स्विच चालू होते. १२० भागिले ५ म्हणजे बरोबर २४. मानकानुसार ड्राइव्हरने (संदेश पाठवणाऱ्या भागाने) ५४ ओहमच्या भारावर किमान दीड व्होल्ट द्यायचे असतात आणि रिसीव्हरला (संदेश घेणाऱ्या भागाला) २०० मिलिव्होल्टचा फरक पुरतो. या दोन आकड्यांमधील अंतर हीच आपली शिल्लक असते. भार २४ ओहमचा केल्यामुळे ती शिल्लक बरीचशी आधीच खर्च झाली होती आणि उरलेली भट्टीचा गोंगाट खात होता. सुदैवाने केबल दोन जोड्यांची होती, म्हणून प्रत्येक ड्राइव्हपर्यंत एका जोडीने जाऊन दुसऱ्या जोडीने परत यायचे, अशी सलग ओळ तिथेच तयार करता आली. मधले तीन स्विच बंद केल्यावर मीटरवर ६० ओहमच्या आसपास आकडा आला, आणि मगच मी वीज सुरू करू दिली. वेग पुन्हा १९२०० केला, पुनर्प्रयत्न तीनवर आणले आणि भट्टी पूर्ण भारावर असताना तासभर तिथेच बसून राहिलो. एकही संदेश चुकला नाही.

दुसरी चूक म्हणजे दोनच तारा ओढणे. सिग्नल दोन तारांमधील फरकावर चालतो हे खरे आहे, परंतु प्रत्येक रिसीव्हर स्वतःच्या कॉमनच्या (शून्य व्होल्ट मानलेल्या तारेच्या) तुलनेत उणे ७ ते अधिक १२ व्होल्ट एवढेच सहन करण्यासाठी बनवलेला असतो. बॉयलर हाउस आणि मिल हाउस यांच्यासारख्या दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये याहून जास्त फरक पडला, किंवा वळवाच्या पावसात जवळ वीज कोसळली, तर पोर्ट जळतात. म्हणून मी कॉमनची तिसरी तार नेहमी ओढतो आणि दोन इमारतींमध्ये आयसोलेटेड रिपीटर (दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवून सिग्नल पुढे पाठवणारे उपकरण) बसवतो. शील्डला (केबलच्या आतल्या धातूच्या आवरणाला) कॉमन समजू नये. ते मी एकाच टोकाला अर्थ करतो.

बाकीच्या चुका लहान आहेत. नव्या ड्राइव्हचा पत्ता बहुधा १ असतो, तो न बदलता दोन ड्राइव्ह एकाच केबलवर घेऊ नयेत. मॉडबसची मूळ पॅरिटी (चूक पकडणारा जादा बिट) इव्हन आहे आणि पॅरिटी काढली तर दोन स्टॉप बिट (प्रत्येक अक्षराचा शेवट दाखवणारे बिट) लागतात. ए आणि बी ही अक्षरे सगळे उत्पादक सारख्या अर्थाने वापरत नाहीत, त्यामुळे उत्तर येत नसेल तर तारा एकदा उलटून पाहाव्यात. त्याने काही बिघडत नाही. मॅन्युअलमधील ४०००१ हे रजिस्टर (उपकरणातील आकडा साठवायचा कप्पा) तारेवर शून्य क्रमांकाने जाते. मोटरच्या केबलशेजारून, त्याच ट्रेमधून, सिग्नलची केबल नेऊ नये.

नवशिक्यांची घाई मला समजते, कारण मालक मागे उभा असतो. तरीही पाच उपकरणे एकदम जोडून पाहण्याची पद्धत मला पटत नाही. मी लॅपटॉपवरून आधी एकाच ड्राइव्हशी बोलतो, त्याचा पत्ता, वेग आणि पॅरिटी वहीत लिहितो, फेरूलवर (तारेच्या टोकावरच्या नळीवर) क्रमांक घालतो आणि नंतरच पुढचा ड्राइव्ह ओळीत घेतो. काम संपले की त्या वहीतील पानाची प्रत पॅनेलच्या दारावर आतून चिकटवतो आणि वीज बंद असताना मोजलेला ओहमचा आकडा तिच्यावर तारखेसह लिहितो, म्हणजे पुढच्या वेळी येणाऱ्याला मीटर कुठून सुरू करायचा हे दिसते.