रिब्रीदरवरचा पीओटू: आकड्यावर कितपत भरवसा ठेवायचा?

मालवण-तारकर्लीच्या उथळ पाण्यात रिब्रीदरची गरज पडत नाही, त्यामुळे तो शिकायला मी इजिप्तला, तांबड्या समुद्राकाठच्या दहाबला गेले. आता इथली डायव्हिंगची पोरं विचारतात, "ताई, ऑक्सिजन मशीनच सोडतं ना? मग शिकायचं काय?" शिकायचं एवढंच, की मशीनला ऑक्सिजनचा आकडा कुठून कळतो आणि कधी चुकीचा कळतो.

रिब्रीदरमध्ये आपलाच श्वास फिरून परत येतो. स्क्रबरमधला सोडा लाइम कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि शरीराने वापरलेला ऑक्सिजन मशीन भरून काढतं. ऑक्सिजनचा आंशिक दाब, म्हणजे सगळे ज्याला पीओटू म्हणतात तो, 0.16 बारच्या खाली गेला की शुद्ध हरपू शकते. 1.6 च्या वर गेला तर फिट येऊ शकते, आणि पाण्याखाली फिट आली की माउथपीस तोंडातून सुटतो. यातलं वाईट म्हणजे ऑक्सिजन कमी पडताना दमही लागत नाही. जीव गुदमरतो तो कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे, आणि तो तर स्क्रबरने आधीच काढून टाकलेला असतो.

म्हणून सगळी भिस्त ऑक्सिजन मोजणाऱ्या तीन सेलवर. हे सेल ऑक्सिजनच्या दाबाच्या प्रमाणात मिलिव्होल्ट देतात. चांगला सेल हवेत साधारण 8 ते 13 देतो, शुद्ध ऑक्सिजनमध्ये त्याच्या 4.76 पट. हवेत 10 असेल तर ऑक्सिजनमध्ये 47-48 यायला हवेत. एखादा 42 लाच अडकला तर तो सेल काढा, मग मशीनने कॅलिब्रेशन, म्हणजे सेलचा आकडा जुळवून घेणं, 'ओके' म्हटलं तरी. प्रत्येक सेलचे आकडे तारखेसह वहीत लिहून ठेवा. सेल हळूहळू उतरतोय हे त्या वहीतच दिसतं.

म्हाताऱ्या सेलचा खरा घोळ मात्र खाली गेल्यावर होतो. जमिनीवरचं कॅलिब्रेशन 1.0 पर्यंतच तपासतं. सेल 1.2 च्या वर चढतच नसेल आणि सेटपॉइंट, म्हणजे मशीनने राखायचा पीओटू, 1.3 असेल, तर मशीनला वाटतं अजून कमीच आहे, आणि ते ऑक्सिजन सोडत राहतं. तिथे मशीन बहुमतावर चालतं: दोन सेल सारखेच खोटं बोलले तर खरं बोलणाऱ्या तिसऱ्याला गप्प बसवलं जातं. म्हणून तिन्ही सेल एकाच बॅचचे, एकाच वेळी घेतलेले नकोत. सहा मीटरवर लूप, म्हणजे श्वास फिरतो तो सगळा मार्ग, शुद्ध ऑक्सिजनने फ्लश करून (आतला वायू बदलून) आकडा 1.6 च्या जवळ चढतो का, हे बघायची पद्धत आहे. पण ती इन्स्ट्रक्टरसोबतच शिका.

दहाबला आमचा इन्स्ट्रक्टर माझा हँडसेट, म्हणजे सेलचे आकडे दाखवणारा पडदा, तळहाताने झाकायचा आणि पाटीवर नुसती खोली लिहायचा: 20. डायल्यूअंट, म्हणजे लूपमध्ये ऑक्सिजनसोबत भरायचा दुसरा वायू, आमच्याकडे साधी हवाच होती; 20 मीटरवर दाब 3 बार, म्हणजे 3 गुणिले 0.21, मी खाली 0.63 लिहायचे. मग डायल्यूअंटने लूप नीट फ्लश करायचा आणि तो हात काढायचा. तिन्ही सेल 0.63 च्या आसपास असले तर पुढे. एखादा लांब राहिला तर त्याचा आकडा त्या डाइव्हपुरता बाद. दोन बिघडले किंवा नक्की काय चाललंय ते कळेना, तर सरळ बेलआउट सिलिंडरवर, म्हणजे सोबतच्या आणीबाणीच्या वेगळ्या सिलिंडरवर. डोकं खाजवत बसायचं नाही.

वर येताना बहुतेकांचं लक्ष ढळतं. ऑक्सिजनचा सिलिंडर बंद राहिला असेल आणि 20 मीटरवर लूपमध्ये 0.45 असेल, तर काहीच जाणवत नाही. तोच वायू पृष्ठभागावर 0.15 होतो. शेवटच्या दहा मीटरमध्ये दाब निम्मा होतो, तेव्हा तिथे हँडसेट डोळ्यांसमोरच हवा. एरवीही मिनिटाला एकदा तरी बघायचाच. तो आकडा विचारल्याविचारल्या सांगता आला नाही तर आमचा इन्स्ट्रक्टर डाइव्ह तिथेच संपवायचा. तेव्हा राग यायचा, आता मीही तेच करते.

मशीन भाड्याने घेणार असाल तर आधी सेल कधी बनलेत ते विचारा. साधारण वर्ष-दीड वर्ष एवढंच त्यांचं आयुष्य, वापरले नाहीत तरी. उत्तर देताना कोणी टाळाटाळ केली, तर त्या दिवशी साध्या सिलिंडरवर डाइव्ह करा.