मर्जर की अमाल्गमेशन? स्कीममध्ये काय शोधायचं

कंपनी सेक्रेटरी म्हणून माझ्या टेबलावर येणारी स्कीम, म्हणजे कंपन्या एकत्र करण्याची लेखी योजना, मी पहिल्या पानापासून वाचत नाही. आधी एक वाक्य शोधते: अमुक कंपनी ‘वाइंडिंग अप न करता’, म्हणजे मालमत्ता विकून, देणी फेडून गुंडाळल्याशिवाय, ‘विसर्जित होईल’. कोण विसर्जित होणार हे कळलं की अर्धा प्रश्न सुटला.

आधीपासून असलेल्या एका कंपनीत दुसरी मिसळून संपली, तर रूढ भाषेत ते मर्जर, म्हणजे विलीनीकरण. सगळ्याच जुन्या कंपन्या संपून त्यांच्यातून नवी उभी राहिली, तर अमाल्गमेशन, म्हणजे एकत्रीकरण. विद्यार्थी एवढंच पाठ करतात आणि प्रत्यक्ष कागद हातात आला की अडखळतात. आपल्याकडचा कायदा ही रेघ अशी ओढतच नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम २३२ दोन्ही प्रकारांना मर्जरच म्हणतं. आयकर कायद्याच्या व्याख्येत मात्र दोन्ही अमाल्गमेशन.

म्हणून स्कीमच्या मथळ्यावर कधीही विसंबू नका. एचडीएफसी लिमिटेड १ जुलै २०२३ ला एचडीएफसी बँकेत विलीन झाली. सगळे त्याला मर्जर म्हणत होते, आणि स्कीमच्या नावात होतं अमाल्गमेशन! बँक जुनीच राहिली. लिमिटेडच्या २५ शेअर्समागे बँकेचे ४२ मिळाले.

नवं नाव दिसलं म्हणून नवी कंपनी झाली, असंही धरू नका. व्होडाफोन आयडियाचं नाव ऑगस्ट २०१८ मधलं, पण कंपनी पूर्वीची आयडिया सेल्युलरच. हे ताडून बघायची सोपी युक्ती सांगते. कंपनीचा २१ अक्षर-अंकांचा सीआयएन, म्हणजे ओळख क्रमांक, काढा आणि नववं ते बारावं स्थान वाचा. तिथे नोंदणीचं वर्ष असतं. या कंपनीच्या सीआयएनमध्ये १९९६ दिसेल, २०१८ नाही.

आता हिशेब. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण लेखामानक १४ अमाल्गमेशनचेच दोन भाग करतं: मर्जरच्या स्वरूपाचं आणि खरेदीच्या स्वरूपाचं. पहिल्यासाठी पाच अटी आहेत आणि पाचही पुऱ्या व्हाव्या लागतात. सगळी मालमत्ता आणि देणी हस्तांतरित व्हावीत, दर्शनी मूल्याने किमान ९० टक्के इक्विटी भागधारक पुढच्या कंपनीत भागधारक व्हावेत, मोबदला फक्त इक्विटी शेअर्समध्ये असावा (अपूर्णांकापुरती रोख चालते), धंदा पुढे चालवायचा इरादा असावा आणि पुस्तकी किमतींना हात लागू नये, हिशेबाची धोरणं जुळवण्यापुरता सोडून.

एका स्कीममध्ये मथळा बघून आम्ही पूलिंग पद्धतीने, म्हणजे मर्जरच्या स्वरूपाला लागणाऱ्या पद्धतीने, ताळेबंद तयार केला होता. जुन्या कंपनीचे राखीव निधी जसेच्या तसे पुढे आणले होते. दाखल करण्याच्या आदल्या संध्याकाळी मोबदल्याचा परिच्छेद पुन्हा वाचला, तर एका गटाला शेअर्सबरोबर थोडी रोखही द्यायची होती. तिसरी अट तिथेच मोडली. खरेदी पद्धत लावावी लागली. सर्वसाधारण राखीव निधी गेले, गुडविल (निव्वळ मालमत्तेपेक्षा जास्त मोजलेली किंमत) आलं, रात्रभर बसून आकडे पुन्हा मांडले. तेव्हापासून मोबदल्याचा परिच्छेद मी हिशेबाच्या आधी वाचते आणि हाताखालच्यांनाही तसंच सांगते. इंड एएस, म्हणजे लेखामानकांचा दुसरा भारतीय संच, लागू असेल तर मात्र हे मानक बाजूला ठेवून १०३ क्रमांकाचं उघडा.

कराची कसोटी निराळी. तिथे ९० टक्के नव्हे, मूल्याने तीन-चतुर्थांश भागधारक पुढे यावे लागतात, आणि पुढच्या कंपनीकडे आधीच असलेले शेअर्स त्या मोजणीत धरायचे नाहीत. स्कीमला सभेत मिळणाऱ्या मंजुरीसाठीही तीन-चतुर्थांश मूल्य लागतं, पण ते मतदान करणाऱ्यांचं, शिवाय संख्येनेही बहुमत हवं. हे दोन आकडे सारखे दिसतात म्हणून अनेकजण एकाच ओळीत लिहितात. टिपणात त्यांना दोन वेगळे रकाने द्या.