राखणीचे कुत्रे मेंढ्यांत रुळवताना
मेंढ्यांच्या राखणीसाठी थोराड जातीचे पिल्लू साधारण आठ आठवड्यांचे असताना आणावे आणि वाड्यातच जाळीआड असे ठेवावे, की मेंढ्यांचा वास त्याच्या अंगवळणी पडेल, पण एडक्याची धडक त्याला बसणार नाही. खरी कसोटी सहा महिन्यांनंतर लागते, कारण अंगाने वाढलेले हे पोर खेळाच्या भरात कोकरांमागे धावते, त्यांचे कान चावते. तेव्हा मारझोड न करता त्याला तत्काळ अडवावे आणि देखरेखीविना कोकरांत सोडू नये. पुरता भरवसा दीड-दोन वर्षांनीच ठेवता येतो. त्याची भाकरी मेंढ्यांपासून दूर द्यावी. रेबीजची लस व जंतनाशक चुकवू नये. मेलेल्या मेंढीचे काळीज-फुप्फुस त्याला कच्चे कधीच घालू नये, कारण त्यातूनच हायडॅटिड गाठींचा (फीतकृमीमुळे अवयवांत होणाऱ्या पाणीदार गाठींचा) आजार कुत्र्यामार्फत घरातील माणसांपर्यंत पोहोचतो.