मॉर्फिन आणि रॅटचं हृदय: लँगेनडॉर्फवर पहिल्यांदा बसणाऱ्यांसाठी

सोलापुरात एमडी फार्माकॉलॉजी किंवा एम.फार्म.साठी हा विषय घेणाऱ्यांना वाटतं, मॉर्फिन दुखणं थांबवतं म्हणून हृदय वाचतं. पण लँगेनडॉर्फवर, म्हणजे काढलेलं हृदय महाधमनीतून द्रावण सोडून धडधडत ठेवणाऱ्या उपकरणावर, मेंदूशी संबंध तुटलेल्या हृदयातही हा परिणाम दिसतो. 1986 मध्ये मरी, जेनिंग्ज आणि रायमर यांनी कुत्र्यांवर दाखवलं की 40 मिनिटं रक्त अडवण्याआधी पाच-पाच मिनिटांचे चार अडथळे दिले, तर मेलेला भाग चौथाईवर येतो. पुढे रॅटमध्ये नॅलोक्सोन (अफूसारख्या द्रव्यांचे रिसेप्टर अडवणारं औषध) दिल्यावर हे संरक्षण गेलं, म्हणजे हृदय स्वतःचीच अफूसारखी द्रव्यं वापरतं. काम मुख्यतः डेल्टा या ओपिऑइड रिसेप्टरचं, मग पीकेसी (प्रोटीन कायनेज सी हे एन्झाइम), मग मायटोकॉन्ड्रियाचे पोटॅशियम चॅनल. व्हायव्हापुरतं एवढं पुरतं, खरी दमछाक टेबलावर.

सिनॉप्सिस मंजूर होताच प्राण्यांच्या नैतिक समितीची परवानगी आणि 1985 च्या अमली पदार्थ कायद्याखालची मॉर्फिनची कागदपत्रं एकाच वेळी हलवा. एकामागून एक करत बसलात तर सहा महिने त्यातच जातात.

एक लिटर क्रेब्जला (रक्ताऐवजी हृदयाला दिलं जाणारं क्षारांचं द्रावण) मीठ 6.9 ग्रॅम, सोडियम बायकार्बोनेट 2.1, ग्लुकोज 2, पोटॅशियम क्लोराइड 0.35, मॅग्नेशियम सल्फेट (हेप्टाहायड्रेट) 0.29, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट 0.16. कॅल्शियम क्लोराइड (डायहायड्रेट) 0.37, पण ते सगळ्यात शेवटी, 95:5 कार्बोजेनचे (ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड) बुडबुडे दहा मिनिटं सोडून झाल्यावर. घाई केली की द्रावण दुधाळ होतं आणि तो गाळ कॉरोनरीत (हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांत) अडकतो. बोअरचं पाणी इथे जड, त्यामुळे डबल डिस्टिल्डच घ्या.

छाती उघडल्यापासून कॅन्युला (महाधमनीत घालायची नळी) बसेपर्यंत तीन मिनिटं. त्याहून उशीर झाला तर ते हृदय सोडून द्या, कारण उशीर हाच एक छोटा अडथळा ठरतो. कॅन्युला महाधमनीत फार खोल गेली की झडप ओलांडते आणि कॉरोनरीत पाणीच जात नाही. प्रवाह मिनिटाला 8 मिलीच्या खाली असेल तर आधी तेच तपासा, नंतर हवेचा बुडबुडा.

सगळ्यात फसवी चूक भुलीची. आयसोफ्लुरेन स्वतःच हृदय वाचवतं आणि ब्युप्रेनॉर्फिन तर ओपिऑइडच. कंट्रोल गटालाही ते मिळालं, तर मॉर्फिनचा फरक दिसणार कुठून? थायोपेंटोन बरं. गट चार: औषधाविना नुसतं, मॉर्फिन 1 मायक्रोमोलर, मॉर्फिन अधिक नॅलोक्सोन आणि एकटं नॅलोक्सोन. शेवटचा गट लोक गाळतात आणि परीक्षक नेमका तोच मागतो.

मग 30 मिनिटं प्रवाह बंद, 120 मिनिटं पुन्हा सुरू. बंद असताना हृदय 37 अंशांच्या क्रेब्जमध्ये बुडवून ठेवा. एसीत उघडं लटकलं तर ते थंड होतं आणि गारव्यानेच इन्फार्क्ट (मेलेला भाग) आकसतं. मे महिन्यात बाहेर 42 अंश असताना उलटी पंचाईत: नळीतलं पाणी तापतं, वीज गेली की पंप थांबतो. पंप यूपीएसवर हवाच. सगळे गट एकाच दिवसात फिरवून घ्या, नाहीतर डिसेंबरचं कंट्रोल आणि मेचं मॉर्फिन अशी तुलना होते.

शेवटी हृदय थोडं गोठवून 2 मिमीचे काप करा, साधारण कडक भाकरीच्या जाडीचे. 1 टक्का टीटीसीत (जिवंत पेशी रंगवणारं द्रव्य) 37 अंशांवर 15 मिनिटं. जिवंत भाग विटकरी होतो, मेलेला फिकट राहतो. फॉर्मॅलिनमध्ये रात्रभर ठेवल्यावर सीमा ठळक होते. सगळाच काप फिकट आला तर हृदयाला दोष देण्याआधी टीटीसीचा पीएच मोजा आणि बाटली उजेडात राहिली होती का ते बघा.