फोक्सवॅगनच्या दंडातून इलेक्ट्रिक स्कूल बस: भोकाचा फोटो काढलात का?

डिफीट डिव्हाइस म्हणजे चाचणीपुरता धूर कमी दाखवणारी चोरटी यंत्रणा. फोक्सवॅगनने ती डिझेल गाड्यांत बसवली, पकडली गेली आणि अमेरिकेत सरकारशी तडजोड करून पैसे भरावे लागले. मास्टर्स संपवून अमेरिकेतल्या एखाद्या शाळा-जिल्ह्यात अनुदानाच्या कामाला लागलात, तर कधी ना कधी ‘व्हीडब्ल्यू ट्रस्ट’ची फाइल गळ्यात पडतेच. तडजोडीतले सुमारे 2.9 अब्ज डॉलर या ट्रस्टमार्फत राज्यांमध्ये वाटले गेले; त्यातून जुन्या डिझेल बसच्या जागी इलेक्ट्रिक स्कूल बस घेता येते. ज्या राज्यात त्या डिझेल गाड्या जास्त, त्याचा वाटा मोठा. कॅलिफोर्नियाला 42 कोटी डॉलरच्या वर मिळाले.

अर्ज लिहिणं अवघड नाही, त्याला घाबरू नका. पैसे अडकतात ते भंगारात.

हा पैसा हवेत गेलेल्या जादा नायट्रोजन ऑक्साइडची भरपाई आहे. नवी बस आली आणि जुनी शेजारच्या काउंटीला विकली, तर धूर तेवढाच राहिला. म्हणून जुनी बस मारावी लागते, तीही ठरलेल्या पद्धतीने: इंजिन ब्लॉकला किमान 3 इंची भोक आणि चासीचे, म्हणजे बसच्या सांगाड्याचे, दोन्ही लांब रेल आरपार कापलेले. आणि पुरावा हवा. आमच्या भंगारवाल्याने अख्खी बस थेट क्रशरमध्ये घातली. बस शंभर टक्के मेली, पण भोकाचा फोटो नाही! आम्ही भरलेल्या बिलाचा परतावा कित्येक महिने लटकला, आणि फायनान्सवाले रोज मलाच विचारायचे. तेव्हा सांगतो, स्वतः यार्डात जा. आधी व्हिन नंबर (गाडीचा ओळख क्रमांक), मग इंजिनच्या पाटीवरचा नंबर, मग भोक, मग कापलेले रेल. फोटो तिथेच उघडून बघा. ग्रीसखाली नंबर दिसत नसेल तर पुसा आणि पुन्हा काढा. डेरा, म्हणजे जुनी डिझेल इंजिनं बदलण्यासाठीच्या अमेरिकी सरकारच्या अनुदानातही हेच भोक लागतं, त्यामुळे ही सवय पुढेही कामाला येईल.

आणखी एक. बससाठी 2009 किंवा त्याआधीचं वर्ष बघतात ते इंजिनचं, बसचं नव्हे. 2010 च्या बसमध्ये 2009 चं इंजिन असू शकतं. हे डेपोतला जुना मेकॅनिक दोन मिनिटांत सांगतो. तयार टेम्प्लेट विकणाऱ्या सल्लागारांना माझ्या मते पाटी कुठे असते तेही ठाऊक नसतं. मेंटॉर शोधायचा तर डेपोतच शोधा.

सरकारी बससाठी शंभर टक्क्यांपर्यंत खर्च मिळू शकतो, खाजगी कंत्राटदाराला इलेक्ट्रिकसाठी 75 पर्यंत. ही कमाल मर्यादा झाली. राज्य कमी देऊ शकतं. अनेक ठिकाणी आधी तुम्ही बिल भरायचं, पैसे मागाहून. हे बोर्डाला पहिल्याच बैठकीत सांगा.

पुण्याहून ज्युनियर विचारतात, भारतात असं काम आहे का? हरित लवादाने 2019 मध्ये फोक्सवॅगनला 500 कोटींचा दंड ठोठावला होता, पण सर्वोच्च न्यायालयाने सक्तीची कारवाई थांबवली. त्या भरवशावर करिअर आखू नका. इथे अमेरिकेत मात्र ट्रस्टची फाइल मिळाली तर नाही म्हणू नका; पहिला परतावा जमा झाला की फायनान्सवालेसुद्धा नावाने हाक मारायला लागतात.