राज्यशास्त्र घेतलंय? मग या चुका टाळा

बारावीनंतर कला शाखेत राज्यशास्त्र घेतलं की घरचे निर्धास्त होतात. सोपा विषय आहे, रोज पेपर वाच, होऊन जाईल. मग पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागतो आणि प्रश्न पडतो: पुरवण्या लावून लिहिलं, तरी गुण गेले कुठं?

बहुतेक वेळा गोम एकाच ठिकाणी असते. उत्तरात माहिती असते, मतंही असतात. पण अधिकार कोणाचा, तो कुठून आला आणि त्याला अडवू कोण शकतं, हे नसतं.

मतालाच उत्तर समजणं

राज्यपालांच्या भूमिकेवर प्रश्न आला की बरीच मुलं ‘राज्यपाल हे केंद्राच्या हातचं बाहुलं असतात’ असं लिहून मोकळी होतात. ते खरं की खोटं, हा पुढचा वाद. आधी संविधानाचं कलम १६३ काढा. मंत्रिमंडळाचा सल्ला कुठं चालतो आणि स्वविवेक, म्हणजे राज्यपालांचा स्वतःचा निर्णय, कुठं, ते लिहा. मग सर्वोच्च न्यायालयाचा १९९४ चा बोम्मई निकाल घ्या: बहुमताचा फैसला राजभवनात नाही, सभागृहात व्हायचा. आणि मग आपल्याच राज्यातलं उदाहरण. ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सांगितलं की २०२२ मध्ये राज्यपालांनी ठाकरे सरकारला बहुमत सिद्ध करायला सांगणं योग्य नव्हतं. पण उद्धव ठाकरे यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिल्यामुळे ते सरकार परत आणता येणार नाही. राज्यपालांचा अधिकार, त्याची मर्यादा आणि खुद्द न्यायालयाचीही मर्यादा, तिन्ही या एका निकालात दिसतात. एवढं लिहून झालं की मत खुशाल मांडा. परीक्षकाला तुमचं मत चालतं, त्याखालचा आधार मात्र त्याला हवा असतो.

विचारवंतांचंही तसंच. हॉब्जचं चरित्र लिहीत बसू नका. इंग्लंडमधलं यादवी युद्ध पाहिलेल्या माणसाला सर्वंकष सत्ता का हवीशी वाटली आणि लॉकला त्याच सत्तेला लगाम का घालावासा वाटला, हे लिहा.

जुनं गाईड आणि एका ओळीचं ज्ञान

नागपूरच्या बर्डीच्या बाजारातून घेतलेलं जुनं गाईड अजूनही सांगत असतं की लोकसभेत दोन अँग्लो-इंडियन सदस्य नेमले जातात. ती तरतूद जानेवारी २०२० मध्ये संपली. राज्यं २९ नाहीत, २८ आहेत. केंद्रशासित प्रदेश ८. गाईड वापरायचंच असेल तर आधी छपाईचं वर्ष बघा आणि संविधानाची ताजी मराठी प्रत शेजारी ठेवा.

एमपीएससीच्या पूर्वपरीक्षेच्या तयारीची पुस्तकं वाईट नाहीत, पण ती वेगळ्या परीक्षेसाठी आहेत. ‘कलम ३५६ म्हणजे राष्ट्रपती राजवट’ एवढं पर्याय निवडायला पुरतं. दहा गुणांच्या उत्तराला नाही. महाराष्ट्रात १२ नोव्हेंबर २०१९ ला लागू झालेली राजवट २३ नोव्हेंबरच्या पहाटे उठली, संसदेची मंजुरी न घेता. ती लागू ठेवायला संसद लागते, उठवायला लागत नाही. असा बारकावा वाचला की कलम डोक्यात बसतं.

नागपुरात राहून विधिमंडळ न पाहणं

ही चूक मला सगळ्यात जास्त लागते. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन आपल्या दारात येतं आणि राज्यशास्त्राचीच मुलं ट्रॅफिकला कंटाळून घरी बसतात. यशवंत स्टेडियमकडून निघालेला मोर्चा मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला अडवला जातो. बॅरिकेडच्या अलीकडे घोषणा चालू असतात आणि पाच-सहा जणांचं शिष्टमंडळ निवेदन घेऊन मंत्र्यांकडे जातं. तिथं उभं राहून एकच विचारा: या मागणीसाठी कायदा बदलावा लागेल, नुसता जीआर पुरेल, की पुरवणी मागण्यांतून, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चासाठी, पैसे मंजूर करावे लागतील? कायदेमंडळ, कार्यपालिका आणि वित्तीय नियंत्रण ही तीन प्रकरणं त्या रस्त्यावरच समजतात.

अधिवेशन इथं का भरतं, याच्या उत्तरातही एक घोळ नेहमी होतो. वर्षातून एक अधिवेशन नागपुरात भरवायचं ठरलं ते १९५३ च्या नागपूर करारात; पण तो राजकीय नेत्यांमधला करार, संविधानाचा भाग नाही. विदर्भासाठी विकास मंडळाची तरतूद आहे ती कलम ३७१(२) मध्ये. दोन्ही एकाच वाक्यात कोंबू नका.

महापालिकेबद्दलही तसंच. महापौर शहर चालवतात असं सर्रास लिहिलं जातं. कार्यकारी अधिकार असतात आयुक्तांकडे, आणि त्यांना नेमतं राज्य सरकार. नगरसेवकांची मुदत २०२२ मध्ये संपल्यावर इथं प्रशासकच कारभार बघत होते. शहरांच्या स्थानिक संस्थांना घटनात्मक दर्जा देणारी ७४ वी घटनादुरुस्ती लिहिताना हे उदाहरण सोडू नका.

प्रेक्षक गॅलरीच्या पाससाठी विभागप्रमुखांचं पत्र घेऊन नोव्हेंबरातच आपल्या आमदारांच्या कार्यालयात जा. अधिवेशन सुरू झाल्यावर फार गर्दी होते. पास मिळाला तर प्रश्नोत्तराचा तास चुकवू नका, आणि एका तारांकित प्रश्नाला (ज्याचं उत्तर सभागृहात तोंडी द्यावं लागतं) मंत्र्यांनी काय उत्तर दिलं आणि काय टाळलं, ते त्याच दिवशी वहीत उतरवून काढा.